ठासणीच्या बंदुकीला साजूक तूप

लोणी कढत आलं की त्या वासाबरोबर मला न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चबाहेरचं नेमबाजीचं माळरान आणि बंदुकीच्या दारूचा धूर आठवतो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. ऑफिसातल्या एका म्हाताऱ्याने मला ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायच्या जुन्या बंदुकीचा नाद लावला होता. गोळीखालच्या कापडी चकतीला वंगण लागतं. "इंजिन ऑइल नको, नळीत डांबर होतं. खारं लोणी नको, गंज चढतो," तो म्हणाला. मला सुचलं ते साजूक तूप. आमच्याकडे राहायला आलेल्या आईच्या बरणीतून मी दर शनिवारी चोरून दोन चमचे न्यायचो. बरणी भराभर उतरायची आणि आई माझ्या बायकोला म्हणायची, "अगं, हात जरा आखडता घे." मी मान खाली घालून जेवत राहायचो. एका रविवारी बायकोने तूप न घेताच भात कालवला, तेव्हा मात्र मला राहवेना. "आई, तूप मी नेतो. बंदुकीला." आईने विचारलं, "नेम तरी लागतो का?" "लागतो." तिने सुनेच्या भातावर तीन चमचे तूप वाढलं आणि बरणी माझ्यापासून लांब सरकवली. माझा बिनतुपाचा वरणभात मी कित्येक महिन्यांनंतर मान वर करून जेवलो. आजही आमच्याकडे तुपाचा चमचा आधी बायकोच्या पानाकडे जातो.