शकूसिस्टर आणि आईचा शालू

शकूसिस्टर कुणाच्याही घरात शिरली की आधी वास घ्यायची, बोलणं नंतर. "पायपुसणं कवा धुतलंस?" हा प्रश्न मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत नव्या सुनांनाही पहिल्याच भेटीत विचारला जाई. तिनं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढला होता. निवृत्त झाली तरी हाताचा ब्लीचचा वास गेला नाही. दवाखान्यातल्या चादरी तिनं ब्लीचच्या पाण्यातून पांढऱ्याशुभ्र करून घेतल्या, त्यामुळे जगातलं प्रत्येक कापड तिच्या लेखी चादरच.

कोरोनाच्या साथीत आई आजारी पडली, तेव्हा नातेवाईक फोनवरून काळजी करत होते. उंबऱ्याच्या आत आली ती एकटी सिस्टर. आईला पेज भरवली, पाठ चोळली, रात्रंदिवस उशाशी बसली. आई उठून बसली आणि सिस्टरनं खोलीतलं सगळं कापड बादल्यांत बुडवलं. "कपाटातबी जंतू असत्यात," म्हणत आईच्या लग्नातला रेशमी शालूही रात्रभर ब्लीचच्या बादलीत टाकला. माझ्या लग्नात आई तोच नेसणार होती. लग्न दोन महिन्यांवर होतं.

सकाळी बाहेर आला तो पिवळा, चरबरीत शालू. पिळायला घेतला तसा ओल्या कागदासारखा फाटला. आई फाटके तुकडे उचलून आत गेली. त्या दिवसापासून सिस्टरनं आमचा उंबरा ओलांडला नाही, आणि आईनंही तिला बोलावलं नाही.

मला वाटलं, ही माफी मागेल. छे! हिला प्रश्नच पडला, चादरी तगतात मग शालू का फाटला? आठ दिवसांनी मला तिच्या स्वयंपाकघरात बोलावून तिनं दोन फुटके कप मांडले. दोन्हींत ब्लीच. एकात सुती दोरा टाकला, दुसऱ्यात तिच्याच स्वेटरची लोकर.

"हात लावू नगंस. निस्तं बघ."

लोकरीला बुडबुडे आले, ती बारीक होत गेली आणि काही वेळानं दिसेनाशीच झाली. दोरा मात्र जसाच्या तसा. मला रागवायचं होतं, पण मीही कपात वाकून बघत होते.

"लोकर मेंढीच्या अंगावरची, रेशीम किड्याच्या तोंडातलं. जिवाचं कापड हाय की ते! जंतूला मारतंय ते ह्येलाबी मारतंय. सूत झाडाचं, म्हणून तगतंय. इतकी वर्सं ओतत आले, पोरी, कवा इचारलंच न्हाय बघ." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

मग ती घरोघर फिरली. "वैनींचा शालू म्या घालवला. रेशमाला ब्लीच दावू नगा, साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा." सगळ्या गल्लीला तिनं हे सांगितलं. फक्त आमचं दार चुकवलं.

माझ्या हळदीलाही ती आली नाही. तेव्हा आई स्वतः तिच्या दारात गेली, मागोमाग मी.

"कुठल्या तोंडानं येऊ, वैनी? जंतू मारायच्या नादात तुमचा शालू मारला मी."

"शालू गेला. मी न्हाय गेले की," आईनं तिचा हात धरला. "चल. पहिली हळद तुझ्या हातची."