वहिनीनं न पुसलेले बांध

माझं डोकं लवकर तापतं. पौडच्या शाळेत मी शिकवतो, तिथल्या कुठल्याही पोराला विचारा. त्यामुळं आधीच कबूल करून टाकतो, की त्या दिवशी चारचौघांत मी वहिनीवर ओरडलो. राष्ट्रीय उद्यानांच्या चित्रस्पर्धांत जिचा लागोपाठ दोनदा पहिला नंबर आला, तिला मी चित्र शिकवायला निघालो होतो. उंटावरचा शहाणा, दुसरं काय!

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन आमच्या गावी, मुठ्यात आली तेव्हा मी सातवीत होतो, म्हणून मी तिला अगं-तुगं करतो. ती मात्र अजून मला भावजी म्हणते आणि अहो-जाहो करते. तिचा सगळा जन्म भाताच्या खाचरांत गेला. लेक सासरी गेली, तिची शाळेतली रंगपेटी माळ्यावर राहिली, ती वहिनीनं खाली काढली आणि समोरचा डोंगर रंगवायला घेतला. 'हिला काय खूळ लागलं' म्हणत गाव हसलं. पहिल्या स्पर्धेचा अर्ज मी भरला तोही निम्मा चेष्टेनं. नंबर आला. पुढच्या वर्षी दुसऱ्या उद्यानात गेलो, तिथंही आला. मग चेष्टा संपली आणि मी तिचा ड्रायव्हर झालो.

तिची रीत बघून कुणाचाही जीव टांगणीला लागावा. बाकीचे स्टँड लावून, चहा पिऊन, भराभर रेघा मारत असतात आणि आमची बाई चपला काढून रानात फिरत असते. "पानी कुटनं येतंय आन् कुटं जातंय, ते कळल्याबिगर जमीन कळत न्हाई," म्हणते. फिरून आली की भाकरी खाते. हात धुते. तोवर कला महाविद्यालयातल्या पोरांची चित्रं निम्मी झालेली असतात आणि माझी नखं कुरतडून संपलेली. पण एकदा ब्रश हातात घेतला की भातलावणीच्या ओळीसारखी सरळ, न थांबता पुढं जाते. हिरव्याचे इतके प्रकार असतात हे मला, या खोऱ्यात जन्मून, पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं. वहिनीमुळं कळलं.

तिसरी स्पर्धा भातं काढून झाल्यावर होती. या वेळी पहिल्या नंबराला हिमालयातल्या एका उद्यानात आठ दिवस चित्रं काढायला पाठवणार होते. वहिनीनं बर्फाचा ध्यासच घेतला. "भावजी, सावलीतला बर्फ निळा दिसतो म्हनं. खरं आसंल का वो?" महिनाभर हेच. दादानं तर पौडहून तिच्यासाठी कानटोपीसुद्धा आणून ठेवली. आयुष्यात तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. हे एक मागितलं.

स्पर्धेची जागा म्हणजे गवताचा मोठा उतार होता, कडेला आंब्याचं एक जुनं झाड. नियम एकच होता: माणसानं केलेलं काहीही चित्रात नको. वहिनी नेहमीसारखी फिरून आली, पण भाकरीचं फडकं सोडेना. "भावजी, हितं भात व्हता," म्हणाली. मला नुसतं गवत दिसत होतं. तिनं हात धरून नेलं, तेव्हा पायाला पायऱ्या लागल्या. उद्यानासाठी इथलं गाव कधीतरी उठवलं असणार. खाचरं गवताखाली गेली होती, पण मोडली नव्हती.

तिनं ते सगळं चित्रात आणलं. पिवळं पडत चाललेलं गवत, आणि त्याखालून अलगद उठलेले सहा बांध. देवाशपथ सांगतो, इतकं जिवंत चित्र तिच्या हातून आधी झालं नव्हतं.

तीनच्या सुमाराला परीक्षक आले. बराच वेळ बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, याच्या तोडीचं दुसरं चित्र नाही. पण हे बांध नियमात बसत नाहीत. वरून गवताच्या रंगाचा एक हात फिरवा, अजून तासभर आहे." मला वाटलं, चला, हिमालय आला! आणि वहिनीनं ब्रश खाली ठेवला.

"न्हाई जमायचं."

"अगं, वेड लागलंय का तुला? एक हात फिरवायचा!" मी ओरडलो. पोरं वळून बघायला लागली.

"दुसऱ्याचा बांध कोरनाऱ्याला आपल्यात काय म्हनत्यात, भावजी?"

काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. वीतभर बांधापायी सख्ख्या भावांनी एकमेकांच्या मयताला न गेल्याचं आमच्या तालुक्यात लई ठिकाणी दिसेल.

"हा कागदावरचा बांध आहे!"

"म्हनून तर. जमिनीवरचा गेलाच की त्यांचा."

मी तणतणत गाडीत जाऊन बसलो.

बक्षिसांच्या वेळी परत येऊन तिच्याशेजारी बसलो. दुसरा नंबर आला. बाद करायला परीक्षकांचं मन धजलं नसावं. पहिला आलेल्या मुलीसाठी वहिनीनं सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. मग खाली बसत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "ऱ्हायला बर्फ." मला रडू आलं. राग तिचा आला होता की माझाच, कोण जाणे.

पाहुण्यांचं भाषण चालू असताना उद्यानातला एक म्हातारा वनमजूर आमच्या खुर्च्यांशी येऊन वाकला. सकाळपासून तो पाण्याचे ड्रम भरत होता.

"बाई, बांध सात हायेत," तो म्हणाला. "आंब्यामागचा ऱ्हायला. तो आमचा."

वहिनी ताडकन उठली. बक्षिसाचं सन्मानचिन्ह माझ्या मांडीवर टाकलं, पिशवीतून रंग काढले आणि सगळ्यांदेखत व्यासपीठाच्या कडेला मांडलेल्या आपल्या चित्रापुढं जाऊन बसली. पाहुणे बोलायचे थांबले. संयोजकांपैकी एक जण अडवायला पुढं झाला, त्याला परीक्षकांनीच हातानं थोपवलं.

"कुटवर जातो?" तिनं विचारलं.

म्हाताऱ्यानं बोटानं दाखवलं. मग तिची पाण्याची वाटी दोन्ही हातांत धरून, बांध पुरा होईपर्यंत तो तिच्याशेजारी उभा राहिला.