हळू बोला

आमच्या लालबागच्या चाळीतले समोरचे काका निवृत्त कारकून. कुठलाही कागद चष्मा पुसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. मी घरातली पहिली पदवीधर, पण एवढा धीर मला नाही.

परवा वसुलीवाले दोघे शेजारच्या वहिनींच्या दारात थकलेल्या हप्त्यावरून ओरडू लागले. वहिनी रडकुंडीला आल्या. काका गॅलरीत आले.

"ओळखपत्र? बँकेचं पत्र?" दोन्ही सावकाश वाचून म्हणाले, "कर्ज यांचं आहे, चाळीचं नाही. शेजाऱ्यांसमोर बदनामी करायची नाही, असा नियम आहे. हळू बोला, नाहीतर तक्रार लिहितो."

आवाज उतरले. मग काका माझ्याकडे वळले. "तू काय बघतेस गो? त्यांनी ऐकवायचं नाही, तर आपण तरी का ऐकायचं?"

दिवसा कधीच न लागणारं आपलं दार त्यांनी लावून घेतलं. मागोमाग आम्ही सगळ्यांनी लावलं.