छाप नसलेली भाकर

तुमसरच्या धान बाजारात देवाजी सेलोकरांनी एकतीस वर्षं काटा धरला. मापारी म्हटला की लोकांच्या मनात जराशी शंका असतेच, आणि ती काही उगाच नसते. पण देवाजींच्या काट्यावर माल चढला की शेतकरी निवांत सावलीला जाऊन तंबाखू मळत बसे. सरकारी छाप नसलेल्या वजनाला या माणसाने कधी हात लावला नाही. पावशेराच्या जागी दगड ठेवणाऱ्या एका भाजीवालीशी त्यांनी भर बाजारात अर्धा तास वाद घातला होता. वाद जिंकले आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आले. त्या दिवशी घरी बेसन-भात झाला.

काटा त्यांना दिला भैयाजींनी. भैयाजी म्हणजे त्या बाजारातले जुने मापारी, देवाजींचे गुरूच. माल तोलण्याआधी चिमूटभर धान घ्यायचा, एक दाणा दाताखाली धरायचा, कट्ट करून तुटला तर माल कोरडा, दबला तर ओला, ही सवय त्यांचीच. आणि एक वाक्यही त्यांचंच: "काटा खोटं बोलत नाई, पन सारं सांगतही नाई." ओला धान काट्यावर भरतो पुरेपूर, पण गिरणीत गेला की तांदूळ उतरत नाही. हे वाक्य देवाजींनी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून बायकोला, आनंदाबाईंना, जेवताना ऐकवलं होतं. आनंदाबाई ऐकून घेत आणि ताटात आणखी भात वाढत.

हा भात कुठे जातो ते एका उन्हाळ्यात कळलं. देवाजींचं वजन शहाण्णव किलो भरलं आणि बेंबीपाशी लिंबाएवढी गाठ वर आली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी हर्निया सांगितला. ऑपरेशन करावंच लागेल, पण आधी दहा किलो उतरवा, नाहीतर शिवलेलं पुन्हा फाटेल, असंही सांगितलं. पोळ्यापर्यंत वजन उतरलं तर पोळ्यानंतर ऑपरेशन, मग दोन महिने आराम, म्हणजे दिवाळीनंतर काट्यावर उभं राहता येईल. नव्या धानाची आवक तेव्हाच सुरू होते. बाजारातल्या लोकांनी अगदी मायेने, पण स्पष्ट सांगितलं होतं की हंगामात काटा रिकामा ठेवता येणार नाही. देवाजी नसले तर दुसऱ्याला उभं करावं लागेल, आणि एकदा उभा राहिलेला माणूस मग उठवता येत नाही. काट्याशिवाय आपण कोण, हे देवाजींना त्या दिवसापर्यंत कधी स्वतःला विचारावं लागलं नव्हतं.

दवाखान्यात आहार सांगणाऱ्या बाईंनी रोज चौदाशे कॅलरींची मर्यादा घालून दिली होती आणि एक छापील कागद दिला होता. त्यावर लिहिलं होतं: एक वाटी वरण, एक मध्यम भाकरी, अर्धी वाटी भाजी. देवाजींनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला.

"वाटी कोनाची?" त्यांनी सुनेला विचारलं. "आपल्या घरी चार जातीच्या वाट्या हायेत. अन् मध्यम भाकर म्हंजे केवढी? तुह्या सासूची मध्यम का तुही मध्यम?"

सून शुभांगी हुशार पोरगी. तिने मोबाइलमध्ये कॅलरी मोजायचं अ‍ॅप घेतलं आणि भाकरी शोधली. एका जागी एकशे दहा निघाल्या, दुसऱ्या जागी दीडशे, तिसऱ्या जागी एकशे ब्याऐंशी.

"मामाजी, साधारण दीडशे धरू ना."

"तीन आकडे म्हंजे एकही नाई," देवाजी म्हणाले. तेवढ्यात चहासोबत आलेल्या मारी बिस्किटाच्या पुड्याकडे त्यांची नजर गेली. मागे बारीक अक्षरात छापलं होतं, शंभर ग्रॅममध्ये इतक्या कॅलरी. वर वजन, तारीख, सगळं. देवाजींचा चेहरा किती दिवसांनी उजळला. "हे पाय. याले छाप हाय."

झालं. दुसऱ्या दिवसापासून या शहाण्या माणसाने घरचं अन्न सोडलं. सकाळी टोस्ट, दुपारी बिस्किटं आणि पाकिटातला भाजका चिवडा, संध्याकाळी दोन मिनिटांत शिजणाऱ्या नूडल्स, मध्ये एखादा डब्यातला ज्यूस. पुड्यावर छापलेला आकडा असेल तेच पोटात जाईल. वहीत रकाने आखले. रात्री बेरीज चौदाशे, ना एक इकडे, ना एक तिकडे. बेरीज कमी भरली तर झोपण्याआधी हिशोबाने दीड बिस्किट खात. कोणी हसलं तर म्हणत, "बिना छापाच्या मालानं माप करत नाई मी. काट्यावर नाई, तं ताटात काहून करू?"

पावसाने जोर धरला, बांधावर तरोटा उगवला, तेव्हा आनंदाबाईंनी कोवळा पाला खुडून आणला आणि लसूण घालून भाजी केली. ही भाजी देवाजींना इतकी आवडायची की तिच्यासाठी ते पावसाची वाट पाहायचे. त्यांनी ताटाकडे पाहिलं, वास घेतला, आणि म्हणाले, "यात किती, ते कोन सांगन?" मग एकदा तलावाची ताजी मासोळी आली, तीही त्यांनी अशीच परत पाठवली. आनंदाबाईंनी झाकण घालून मासोळीचं पातेलं शेजारच्या चंद्रभागाबाईंकडे नेऊन दिलं. तिथून परत येताना त्यांचे डोळे भरले होते. बत्तीस वर्षांत नवऱ्याने भाजीत मीठ जास्त म्हटलं होतं, तिखट कमी म्हटलं होतं, पण हिच्या हातच्या अन्नाचा भरवसा नाही, असं कधी म्हटलं नव्हतं.

वजन मात्र उतरत होतं, ते नाकारता येत नाही. देवाजी रोज सकाळी बाजारात पहिलं माप स्वतःचं करत. चौऱ्याण्णव, ब्याण्णव, एकोणनव्वद आठशे. हमाल लोक टाळ्या वाजवत. पण अकरा वाजले की देवाजींचे हात थरथरत. पोट सारखं मागत असे, दुपारच्या बिस्किटाचा विचार सकाळच्या बिस्किटाबरोबरच सुरू होई. दुपारी पोत्याला टेकले की डोळा लागे. आणि एक दिवस, उन्हाळी धानाचा शेवटचा माल चालू असताना, त्यांनी एकोणचाळीस किलो सहाशे ग्रॅमचं पोतं छत्तीस नऊशे म्हणून पुकारलं.

"काका, एकोनचाळीस सहाशे हाय जी," शेतकरी हळूच म्हणाला.

देवाजींनी काट्याकडे पुन्हा पाहिलं. आकडा लाल अक्षरात समोर होता. एकतीस वर्षांत त्यांच्या तोंडून चुकीचं माप निघालं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी बिस्किटाचा पुडा फोडला नाही, नुसते बसून राहिले. ही चूक त्यांनी घरी कोणालाही सांगितली नाही, पण नत्थू हमालाने आनंदाबाईंना सांगितलं.

पोळ्याच्या आधी, तपासणीच्या ठरलेल्या तारखेला दोघं नवरा-बायको भंडाऱ्याला गेली. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं, अठ्ठ्याऐंशी. देवाजी मोठ्या तोऱ्यात उतरले. मग रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो वाचला, दंड चाचपून पाहिला आणि देवाजींनी आणलेली वही आहारवाल्या बाईंकडे सरकवली.

"आकडे अगदी बरोबर आहेत हो काका," बाई पानं उलटत म्हणाल्या. "म्हणून तर वजन उतरलं. कमी खाल्लं की वजन उतरतंच, बिस्किट खा नाहीतर काही खा. पण ह्यात डाळ कुठे आहे? भाजी? अंडं, मासे? चरबीबरोबर तुमची ताकदही उतरली. रक्त कमी झालंय."

"अशा अंगावर मी सुरी चालवणार नाही," डॉक्टर म्हणाले. "जखम भरायची कशी? पोळ्यापर्यंत दोन किलो आणखी उतरवा, पण रक्त भरून या. नाही जमलं तर दिवाळीनंतर बघू."

दिवाळीनंतर म्हणजे काटा गेला. एस.टी.त देवाजी खिडकीकडे तोंड करून बसले आणि तुमसर येईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

घरी पोचल्यावर आनंदाबाईंनी लुगड्याचा ओचा खोचला आणि ओसरीवर दोन टोपली आणून ठेवली. दोन्हीत धान. शेजारी घरातला जुना तराजू आणि देवाजींचंच छाप मारलेलं एक किलोचं लोखंडी वजन.

"तोला," त्या म्हणाल्या.

"आता? काहून?"

"तोला म्हनते ना."

देवाजींनी तोललं. दोन्ही टोपल्यांतला धान किलो-किलो भरला. न बोलताच त्यांच्या मानेने बरोबर आहे अशी खूण केली, सवयच ती.

"आता दाताखाली धरा."

पहिला दाणा कट्ट करून तुटला. दुसरा दबला आणि दाताला चिकटला.

"हा ओला हाय," देवाजी म्हणाले. "भिजवला कोन?"

"मीनं. काल रातच्याला. आज डाक्टर काय म्हनन ते मले मालूम होतं." आनंदाबाई समोर बसल्या. "मंग, काट्यानं सांगतलं का तुमाले, ओला हाय म्हनून?"

देवाजींनी दाताला चिकटलेला दाणा तळहातावर काढला.

"बत्तीस वर्स झाले, भैयाजीचं एकच वाक्य आयकवून राहिले तुमी मले. काटा सारं सांगत नाई. धानाचा एकेक दाना चाऊन पायता, अन् सोताच्या पोटात मात्र नुसता आकडा भरून राहिले." त्यांचा आवाज बारीक झाला. "माह्या भाकरीले छाप नाई म्हनून खाल्ली नाई तुमी. मले लय वाईट वाटलं."

देवाजींनी तो ओला दाणा परत टोपल्यात टाकला. लाज वाटली त्यांना, आणि ती डॉक्टरांसमोर वाटली होती त्याहून जास्त होती. मग म्हणाले, "चुकलं माहं. पन मोजाचं कसं, ते तं सांग. मोजल्याबिगर उतरनार नाई."

"मोजा ना. नको कोन म्हनते? पीठ तोला, डाळ तोला, तेल तोला. पन घरचं तोला."

दुसऱ्या दिवशी शुभांगीने स्वयंपाकघरात छोटा काटा आणला. देवाजींनी त्यावर आधी आपलं छापाचं वजन ठेवून त्याची परीक्षा घेतली, मगच पीठ ठेवू दिलं. पिठाच्या, डाळीच्या कॅलरी पाकिटावर छापलेल्या निघाल्याच, त्या आजवर कोणी पाहिल्या नव्हत्या एवढंच. भाजी-मासोळीचे आकडे शुभांगीने आहारवाल्या बाईंना फोन करून विचारून घेतले. चौदाशेमध्ये काय काय मावतं हे पाहून देवाजी चकित झाले. दोन ज्वारीच्या भाकरी, घट्ट वरण, तरोट्याची मोठी वाटीभर भाजी, मासोळीचे दोन तुकडे, काकडी, ताक, सकाळी भिजवलेले चणे आणि एक अंडं. आकडा तोच, पण आता अकरा वाजता हात थरथरत नव्हते. भात तेवढा मूठभरावर आला, आणि त्याचं दुःख त्यांनी महिनाभर सगळ्या बाजाराला सांगितलं.

सगळं लगेच सुरळीत झालं असंही नाही. पहिल्या आठवड्यात वजन उतरण्याऐवजी तीनशे ग्रॅम चढलं. देवाजींनी चौकशी केली तेव्हा कळलं की तेल तोलून झाल्यावर आनंदाबाई मायेने वरून आणखी एक धार सोडत होत्या.

"हे माप नाई तुह्यं," देवाजी म्हणाले.

"सुकून गेले तुमी," आनंदाबाई म्हणाल्या, पण दुसऱ्या दिवसापासून धार बंद झाली. त्या वहीवर स्वतः लक्ष ठेवू लागल्या. चुलीपुढून उठून यायचं, ओल्या हाताने पान आपल्याकडे ओढायचं, आजच्या रकान्यावर बोट टेकवून विचारायचं, "काय लिवलं? भाजी लिवली का?" आणि परत जायचं.

पोळ्याच्या पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा भंडाऱ्याला गेली. वजन पंच्याऐंशी सातशे. रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "सोमवारी भरती व्हा. दिवाळीनंतर काट्यावर उभे राहा, फक्त पोती उचलू नका." देवाजींनी हात जोडले.

आहारवाल्या बाई तेवढ्यात वही चाळत होत्या. "वा, काका. पण हे काय हो, प्रत्येक पानावर?"

गेल्या काही आठवड्यांतल्या प्रत्येक पानावर, रकान्याच्या शेवटी, हळदीच्या बोटाचा एक पिवळा ठसा उमटला होता.

आनंदाबाई ओशाळल्या आणि हात पदराखाली घेतला. "चुकून लागलं जी, सैपाकाचा हात..."

"चुकून नाई," देवाजी म्हणाले आणि वही परत मागून घेतली. "छाप होय ते. बिना छापाचं मी आता काई खात नाई."