माझा बोर्ड आणि शिवणाची बॅच

आमच्या वस्तीच्या समाजभवनात बायांसाठी दोन वर्ग निघाले. एक शिवणाचा, एक इलेक्ट्रॉनिक्सचा. मी चौथी शिकलेली, म्हणून सगळे धरूनच चालले की मी शिवणाला बसणार. शिवण मला येतं. साड्यांना फॉल लावून लावून मान आखडली माझी. मला कूलरचा पंप वाचवायचा होता. टाकीतलं पाणी संपतं, कुणाचं लक्ष नसतं, पंप कोरडा फिरतो आणि जळतो. पाणी संपलं की पंप आपोआप बंद होईल असं काहीतरी दुसऱ्या वर्गात शिकवणार होते. मी तिथं जाऊन बसले. कुणाला विचारलं नाही. विचारायचीही मला लाज वाटते.

शिकवणारे सर माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी प्रत्येकीला तळहाताएवढा बोर्ड दिला. लॅपटॉपमधून वायरीनं त्यात प्रोग्राम भरायचा, मग त्यावरची लाइट लुकलुकते. मी बोर्ड घरून आणलेल्या स्टीलच्या ताटात ठेवला, बारक्या वायरी, स्क्रू सांडू नयेत म्हणून. तांदूळ निवडायलाही ताटच घेते मी.

"आज ज्यांची लाइट लुकलुकणार नाही, त्यांनी उद्यापासून शिवणाला," सर म्हणाले. बोर्ड कमी होते, बाया जास्त.

बाकीच्यांच्या लाइटा लुकलुकायला लागल्या. माझा प्रोग्राम बोर्डात जाईना, लॅपटॉपवर चूक दाखवणारी लाल अक्षरं. सरांनी बोर्ड हातात उचलून वायर बदलली, तर बोर्डावरचा करंट आल्याचा बारका दिवा पेटला. ते बोर्ड परत ठेवून वळले, दिवा गेला. परत लाल अक्षरं. दुसरा लॅपटॉप आणला, तरी तेच.

कामठीहून ऑटोनं येणारी बाई माझ्या शेजारी बसायची. ती हसली. "तुलेच भिऊन राहिला वं तो!"

"जाऊ द्या मावशी," सर म्हणाले. "शिवणात तुमचा हात चांगला चालेल. द्या तो बोर्ड इकडे."

काहून देऊ? असं नुसतं मनात आलं. द्यायला म्हणून मी बोर्ड उचलला. दिवा पेटला. हात खाली गेला, बोर्ड ताटाला टेकला, दिवा विझला. पुन्हा उचलला, पुन्हा पेटला. मी बोर्ड उलटा करून पाहिला. खाली सगळी उघडी धातूची टोकं, आणि ताटही धातूचं. करंट ताटातूनच फिरत होता.

मी ताट बाजूला सारलं, बोर्ड लाकडी बाकावर ठेवला आणि लॅपटॉपवरचं प्रोग्राम भरायचं बाणाचं बटण दाबलं. लाल अक्षरं आली नाहीत. लाइट लुकलुकायला लागली.

"अवं, बोर्डाले काय पोहे वाढून राहिली होती का तू?" शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या. हसू दे. चूक माझी होती आणि सापडलीही मलाच.

सरही हसले. "छान, मावशी. पण पुढं इंग्रजी वाढत जातं. शिवणच बरं तुम्हाला."

"मले नाही जायचं."

"काय म्हणालात?"

पहिल्यांदा माझं मलाच ऐकू आलं नव्हतं. बाकाची कड घट्ट धरून मी मोठ्यानं म्हटलं, "लाइट लागली माही. मी इथून उठत नाही."

कुणी हसलं नाही. माझे कान तापले होते, पण मी खाली पाहिलं नाही.  सरांनी पेटी उघडून पाणी ओळखणारे सेन्सर वाटायला घेतले. माझ्यापुढेही एक ठेवला. मी थँक्यू म्हटलं नाही.