फुंदुक की गर्या

अल-खोबरहून निघालो तेव्हा पिकअपमध्ये मागे सहा कॉम्प्रेसर होते, पुढे आम्ही तिघं, आणि तिघांचे गॅस मास्कचे तीन डबे. माझा डबा पायाशी लोळत होता. ड्रायव्हर अलीचा आरशाला टांगलेला, जपमाळेच्या शेजारी. आणि उस्मानचाचांचा गळ्यात. चाचा तो डबा गळ्यातून काढतच नव्हते. नमाज पढताना समोर ठेवायचे, नमाज झाली की परत गळ्यात. न्हाणीत जाताना पण बरोबर.

आखाती लढाई सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. क्षेपणास्त्राचा भोंगा झाला की मास्क चढवून खोलीत बसायचं, दुसरा भोंगा झाला की काढायचा. मास्क लावला की सगळे सारखेच दिसायचे, फोरमन पण आणि भांडी घासणारा पण. पहिल्या दिवशी मला ह्याचीच मजा वाटली होती.

उस्मानचाचा दाभोळचे, मी दापोलीचा, म्हणजे खाडीच्या हिशोबाने शेजारीच. ते आमच्या एसी खात्याचे हेड मेकॅनिक, मी त्यांच्या हाताखाली. चाचा मशीन उघडायच्या आधी नुसता कान लावायचे आणि सांगायचे, ह्याचं बेअरिंग गेलंय, ह्याचा गॅस कमी आहे. आणि मी? मी आवाज काढायचो. शाळेच्या गॅदरिंगला हेडमास्तरांची नक्कल केली, तेव्हापासून ती खोड गेली नाही. कॅम्पात मी फोरमनचा खोकला काढायचो, मिसरी (इजिप्तच्या) आचाऱ्याच्या शिव्या काढायचो, बिघडलेला पंप काढायचो. पंप ऐकून चाचा एकदा खरंच पाना घेऊन आले होते.

आता ती गोष्ट सांगतो, जी तोवर कुणाला सांगितली नव्हती. लढाईच्या दुसऱ्या आठवड्यात, चहाच्या सुट्टीत, मी कॅम्पाच्या तिसऱ्या मजल्यावर एसीच्या डक्टमध्ये डोकं घालून फिल्टर काढत होतो. पत्र्याचं एवढं मोठं नळकांडं, आणि माझं तोंड त्याच्यात. मला राहवलं नाही. मी भोंगा काढला. डक्टमधून तो तिन्ही मजल्यांवर गेला. आणि जिन्यावरून चहा घेऊन येणारे चाचा खोलीकडे, मास्ककडे धावले आणि पडले. गुडघा फुटला. भोंगा चुकून वाजला असणार, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. गुडघा दहा दिवसांत भरला, पण चाचांची झोप गेली. कुकरची शिटी झाली तरी उठून उभे राहायचे, आणि तेव्हापासूनच डबा गळ्यात. वीस वर्षांची नोकरी सोडून खुरूजचा (कायमचं घरी परतण्याचा) अर्ज त्यांनी भरला, घडी करून खिशात ठेवला. परत आल्यावर देतो, म्हणाले.

परत आल्यावर म्हणजे ह्या सफरीवरून. खमीस मुशैतच्या शाखेला कॉम्प्रेसर पोचवायचे होते, आणि आमच्या कुलकर्णी साहेबांनी मुद्दाम चाचांचं नाव घातलं. तिकडचे डोंगर थंड, क्षेपणास्त्रं तिथवर येत नाहीत, दोन दिवस झोपून या, म्हणाले. साहेबांनी शाळेच्या सुट्टीसाठी तिथलं एक भारी हॉटेल बायकापोरांकरता सांगून ठेवलं होतं, पण बायकापोरं लढाईआधीच पुण्याला गेली. ते बुकिंग आम्हाला दिलं. साहेब एकदा युरोपात जाऊन आलेले. म्हणाले, अगदी तिकडच्या स्की रिसॉर्टसारखं आहे रे, डोंगर आहे, काचा आहेत, शेकोटी आहे, फक्त बर्फ नाही. चाचांना सांभाळायला कोण जाणार, तर मी. मी नाही म्हणू शकत नव्हतो.

रस्ता दीड दिवसाचा. रियाध मागे पडलं आणि पुढे नुसती वाळू. आधी पिवळी, मग लाल, मग दुपारी तिला रंगच उरला नाही. मी दापोलीच्या घाटातला माणूस, दर वळणावर काहीतरी नवीन दिसायची सवय. इथे वळणच नाही. तीन तास एकच उंट दिसला, तोही आमच्याकडे पाठ करून उभा. मी त्याचा आवाज काढला, अली हसला, चाचा खिडकीबाहेर बघत राहिले. एरवी चाचा म्हणाले असते, उंट असा नाही, घसा आणखी खाली घे. माझे सगळ्यात कडक परीक्षक तेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खमीसला कॉम्प्रेसर उतरवले, सही घेतली, आणि गाडी वर चढायला लागली. इथून माझं तोंड बंद झालं, आणि ते सोपं नाही. सौदीत डोंगर आहे हे ऐकून माहीत असणं वेगळं, बघणं वेगळं. डोंगर म्हणजे किती, तर ढग खाली आणि आम्ही वर. उतारावर अरारची (जुनिपरची) झाडं, काळी हिरवी, वाकडी, दाढीवाल्या म्हाताऱ्यांसारखी रांगेत उभी. रस्त्याच्या कठड्यावर माकडांची टोळी, गोंडेदार आयाळीची, लाल बुडाची. कड्याखाली हजारो फूट नुसता निळा धूर, आणि त्या धुरात कुठेतरी समुद्राकडचा मुलूख. मला वाटलं कुणीतरी आपल्या सह्याद्रीला दहाने गुणलंय आणि वर पाणी घालायला विसरलंय.

फाट्यावर अलीने गाडी थांबवली. अली ह्याच डोंगरातला, त्याचे आईबाप जवळच्या गावात. त्याची हिंदी आमच्या कॅम्पात शिकलेली. त्याने विचारलं, "सदीक (मित्रा), फुंदुक या गर्या?" फुंदुक म्हणजे हॉटेल आणि गर्या म्हणजे गाव. फुंदुक ऐकलं की मला कुणीतरी फुंदून फुंदून रडतंय असं वाटतं, पण मीच पटकन म्हणालो, फुंदुक. कारण सांगू? गावात एका खोलीत चाचांच्या समोर बसावं लागलं असतं. हॉटेलात माणूस लपतो.

हॉटेल खरंच डोळे दिपवणारं. कड्याच्या टोकावर, भिंती काचेच्या. गालिचा असा की माझा सेफ्टी बूट त्यात बुडाला. भिंतीवर बर्फावरून घसरणाऱ्या गोऱ्यांचं मोठं चित्र आणि त्याखाली खऱ्या लाकडाच्या दोन लांब पट्ट्या शोभेला अडकवलेल्या. थंडी तयार करणं हा आमचा धंदा, आणि इथे लोक खोल्या गरम करायला पैसे देत होते. चाचांनी हीटरला कान लावला आणि म्हणाले, हे ठीक हाय. आठवड्यातलं त्यांचं पहिलं मोठं वाक्य.

पण दिवाणखान्यात एक टीव्ही होता. रियाधहून, धाहरानहून पळून आलेली कुटुंबं त्याच्यासमोर सकाळपासून बसलेली. संध्याकाळी चहा घेत होतो आणि टीव्हीवर भोंगा वाजला. पडद्यावरचाच, दुसऱ्या कुठल्या शहरातला. चाचांच्या हातून पेला सुटला, आणि त्या गालिच्यावर, त्या सगळ्या शालीन बायकामाणसांसमोर, ते मास्क चढवून दोन सोफ्यांच्या मध्ये बसले. कुणी हसलं नाही. एका शेखने उठून आवाज बंद केला आणि स्वतःचा पेला चाचांसमोर ठेवला. मास्क काढताना चाचांचे कान लाल झालेले. मी तिथेच सांगायला हवं होतं. मी गालिच्यावर सांडलेला चहा पुसत बसलो.

सकाळी चाचा अलीला म्हणाले, "गर्या. टीव्ही नसेल तिथे."

अलीच्या गावात टीव्ही नव्हता. कड्याला चिकटून दगडमातीची चारमजली घरं, आणि भिंतींतून पातळ फरशांच्या रांगा बाहेर आलेल्या, पावसाचं पाणी भिंतीला लागू नये म्हणून. लांबून वाटतं घराने अंगावर खवले घातलेत. आत गेलो तर बाहेरच्या मातकटाचा पत्ताच नाही. भिंतीवर लाल, निळ्या, पिवळ्या रेघांची अशी नक्षी की मी मान फिरवत राहिलो. अलीची आई दर वर्षी स्वतःच्या हाताने रंगवते. त्याचे वडील दारात आले, कमरेला जंबिया (वाकडी कट्यार) आणि डोक्यावर सब्जासारख्या वासाच्या पाल्याची आणि पिवळ्या फुलांची मुंडावळ. सत्तरीचा माणूस, रोजच्या दिवशी, डोक्याला फुलं. आपल्याकडे एवढ्यासाठी लग्न करावं लागतं.

जेवायला अरीका आली. गरम पोळी कुस्करलेली, मधे खळगा, खळग्यात तूप आणि मध. चाचांनी पहिला घास घेतला आणि थांबले. "सुध्या, हा तर मलिदा," म्हणाले. डोळे भरले का तुपाचा धूर लागला, कळलं नाही. जेवल्यावर अली गाडीत पाणी भरायला गेला, म्हातारा गच्चीवर गेला. खोलीत मी आणि चाचा. बाहेर आभाळ अचानक काळं झालं. मी मनात म्हटलं, आता बोल. तोंड उघडलं.

आणि गच्चीवरून म्हातारा ओरडला, "बरद! बरद!"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "बारूद!"

त्याच क्षणी छतावर धडाधड मार सुरू झाला. आपल्याकडे गोळीबार कुणी ऐकलाय? पण दोघांनाही शंका आली नाही. मास्क चढवले. चाचांनी मला ओढून धान्याच्या रांजणामागे कोंबलं आणि वर स्वतः आडवे पडले. साठ-सत्तर किलोचा माणूस माझ्यावर, गुडघा तोच दुखरा, माझ्या पाठीत रुतलेला. मला मास्कच्या आत माझाच श्वास ऐकू येत होता, आणि मनात एकच, की ह्या माणसाला मी पाडलं.

दार उघडलं. अलीने आत बघितलं. रंगीत भिंतीखाली, रांजणामागे, रबरी सोंडा लावलेले दोन कोकणी. तो म्हणाला, "एश फी (काय झालं)?" आणि मूठ उघडून माझ्या हातावर काहीतरी ठेवलं. गार. गोल. बोराएवढी पांढरी गार. बरद म्हणजे गारा.

आम्ही मास्क वर ढकलून बाहेर आलो आणि उंबऱ्यावरच थांबलो. पायऱ्यापायऱ्यांची शेतं पांढरी. रस्ता पांढरा. काळी झाडं खांद्यापर्यंत पांढरी, कड्याच्या टोकावर ढग फाटून ऊन आलेलं आणि सगळा डोंगर आतून दिवा लावल्यासारखा. आवाज कुठलाच नाही, फक्त गारा पिचकायचा बारीक चुरचुराट. चोवीस वर्षांचा झालो, इतकं पांढरं एकत्र कधी बघितलं नव्हतं. आठ तास कॉम्प्रेसरशी झटून आम्ही ट्रेभर बर्फ करतो. इथे कुणी न सांगता डोंगरभर.

गावातली पोरं-बाप्ये मंदीची (भात-मटणाची) थोराड पितळी ताटं घेऊन आले आणि त्यांत बसून शेताच्या उतारावरून घसरायला लागले. साहेबांचं स्की रिसॉर्ट, पट्ट्यांशिवाय. एक ताट चाचांसमोर आलं. त्यांनी दुखरा पाय आधी ताटात ठेवला, मग दुसरा, मास्क डब्यात घातला, डबा गळ्यातून काढून माझ्या हातात दिला, आणि गेले. खाली बांधाला टेकेपर्यंत ताट तीनदा गोल फिरलं. मी धावत, घसरत, बुडावर पडत खाली पोचलो. चाचा आडवे पडून हसत होते. खोकला येईपर्यंत.

मी तिथेच गारांत बसलो आणि म्हटलं, "चाचा, त्या दिवशीचा भोंगा मी काढला होता. डक्टमधून."

चाचांनी दाढीतल्या गारा झटकल्या. "मला म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"पडलो तेव्हाच. जिन्यावर पडल्या पडल्या आइकलं. भोंगा मधे थांबला नि श्वास घेतला. खरा भोंगा श्वास घेत नाय, सुध्या."

मी विचारलं, मग कुणाला बोलला का नाहीत. ते म्हणाले, लढाईत खोटा भोंगा वाजवणाऱ्याला कफील (मालक) त्याच दिवशी परत पाठवतो, वर पोलीस. आणि डोंगराकडे बघत म्हणाले, "खोटा होता हे कळलं, पण पाय कापायचे थांबेनात. तुझ्यावर राग होता. वाट बघत होतो, कधी सांगतोस."

चाचांनी खिशातून कागद काढला, खुरूजचा अर्ज. त्याची घडी मोडली, चण्याच्या गाडीवर करतात तसा पुडा केला, त्यात मूठभर गारा भरल्या आणि वर घरी येऊन अलीकडे मध मागितला. पुडा भिजून फुटायच्या आत आम्ही तिघांनी तो संपवला. सही मधात विरघळली.

त्या रात्री चाचा गाढ झोपले, घोरले. घोरण्याची नक्कल मी सकाळी केली, तेव्हा म्हणाले, शेवटची शिटी जमली नाही.

खोबरला परत आलो तेव्हा वाळू होती तशीच होती, लढाई होती तशीच होती. लोक विचारायचे, फुंदुक चांगलं का गाव? मी सांगायचो, फुंदुकात सगळं होतं, फक्त बर्फ नव्हता, आणि चाचांना झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) नमाजनंतर आम्ही खोलीत भाजी चिरत होतो. भोंगा सुरू झाला. चाचांनी सुरी खाली ठेवली, मान वाकडी करून ऐकलं, जसा कॉम्प्रेसर ऐकतात तसा. त्यांचा डबा आता माझ्या डब्याशेजारी खुंटीला असायचा. त्यांनी आधी माझा डबा काढून माझ्या हातात दिला.

"श्वास घेतला नाय," ते म्हणाले. "लाव मास्क."