उजव्या डोळ्यापुढचा हात

आमचे हे मार्केट यार्डात पोती उचलायचे आणि संध्याकाळी बिबवेवाडीच्या व्यायामशाळेत सरांच्या हाताखाली बॉक्सिंग करायचे, सगळ्यांत वरच्या वजनगटात. पण त्यांचा खेळ लोकांना आवडायचा नाही. स्वतःहून मारायचे नाहीत. समोरच्याला दमवायचे, त्याचा ठोसा हवेत गेला की मग एक द्यायचे. अशा खेळावरच ते राज्याच्या फायनलला पोचले. जिंकले तर देशाच्या स्पर्धेला जाणार होते. वय संपत आलं होतं, पुन्हा संधी नव्हती.

त्याच सुमाराला डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याचा पडदा सुटायला आलाय, जोराचा ठोसा बसला तर नजर जाईल. हे आम्हा दोघांनाच माहीत.

"सरांना बोलू नकोस," हे म्हणाले. मी कुणाशीच फार बोलत नाही, सरांशी काय बोलणार?

फायनल बघायला मी गेले. त्याआधी कधी गेले नव्हते. रिंगभोवती मोबाईल कंपन्यांच्या जाहिराती होत्या. ह्यांचा उजवा हात डोळ्यापुढून हलेना. माझ्या मागे दोघे बसले होते. एक म्हणाला, "दाढ दुखतेय वाटतं यांची."

"नाही हो, फोनवर आहेत. इनकमिंग फुकट झाल्यापासून खाली ठेवतच नाहीत."

आजूबाजूचे हसले. मी पदर तोंडाशी धरला. हे जिंकावेत असं देवाला म्हणवेना, आणि हरावेत असं म्हणायला जीभ उचलेना.

शेवटच्या फेरीआधी हे गुणांनी मागे होते. सर त्यांना म्हणाले, "अरे, तो दमलाय. उजवा सोड आणि मार."

ह्यांनी हात सोडला. ठोसा असा बसला की तो मुलगा दोरांवर गेला. सगळे उठून ओरडायला लागले. ह्यांनी दुसरा मारला, तेवढ्यात त्याचा ठोसा ह्यांच्या उजव्या भुवईला घासून गेला. मी उभी राहिले. ह्यांनी डोळा मिटला, उघडला. हात पुन्हा वर गेला तो घंटा होईपर्यंत तिथेच राहिला.

एका गुणाने हरले.

मी रिंगपाशी गेले, तेव्हा ह्यांचे हातमोजे सोडताना सर म्हणाले, "आयत्या वेळी घाबरलास."

मी तोंड उघडणार, तर ह्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

"हो सर," ते म्हणाले.

बाहेर बसस्टॉपवर त्यांनी तळव्याने डावा डोळा झाकला आणि येणाऱ्या बसकडे बघायला लागले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"धायरी," ते म्हणाले. "आपली नाही."

मग मी पाटी बघितली. धायरीच होती.